पाकिटामागची बारीक अक्षरं : घटकांच्या यादीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकीटबंद पदार्थांवरच्या घटकांच्या यादीबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. नियम देशागणिक बदलतात. म्हणून शक्य तिथे कोडेक्सचा आधार घेतला आहे. कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस आयोग अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६३ साली स्थापन केला. बहुतेक देशांचे लेबलचे नियम त्याच्या मानकांशी मिळतेजुळते असतात.

१. लेबलवर एवढं सगळं छापलेलं असतं. वाचायला सुरुवात कुठून करू?

पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला विकणाऱ्याला जे सांगायचं असतं ते असतं, मागच्या बाजूला कायद्याने जे सांगायला लावलेलं असतं ते. आधी घटकांची यादी वाचा, मग पोषणमूल्यांचा तक्ता. यादीतले पहिले तीन घटक पाहिले, तरी पदार्थ मुळात कशाचा बनला आहे ते बऱ्याचदा कळतं. घरात कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर मात्र हा क्रम सोडा आणि थेट प्रश्न ९ वाचा.

२. घटक कोणत्या क्रमाने लिहितात?

वजनाच्या उतरत्या क्रमाने. जो घटक सगळ्यात जास्त, तो पहिला. हे वजन पदार्थ तयार करताना घटक घातला तेव्हाचं असतं, तयार मालातलं नव्हे. या एका गोष्टीमुळे बऱ्याच गमती होतात. ताज्या फळाच्या वजनात त्याचं पाणीही मोजलं जातं, त्यामुळे ते यादीत वर चढतं. तेच फळ वाळवून, भुकटी करून घातलं तर खाली घसरतं. म्हणजे पहिल्या क्रमांकावर फळ दिसलं की पदार्थात फळाचा गर ठासून भरलाय, असं लगेच समजू नये.

मीठ ही हाताशी असलेली चांगली खूण आहे. बिस्किटं, ब्रेड, सूप अशा पदार्थांत मीठ सहसा एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं. तेव्हा यादीत मिठाच्या नंतर जे काही येतं, ते त्याहून कमी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘बदाम’ आणि यादीत बदाम मिठाच्या खाली, असं दिसलं तर त्या पदार्थात बदाम किती असेल ते तुम्हीच ओळखा. मला ही खूण कळली त्या दिवसापासून यादी वाचण्याची माझी रीतच बदलली.

३. काही घटकांपुढे टक्केवारी असते, काहींपुढे नसते. असं का?

नावात, चित्रात किंवा जाहिरातीच्या ओळीत ज्या घटकाचा गाजावाजा केला आहे, त्याचं प्रमाण सांगावं लागतं. कोडेक्समध्ये आणि अनेक देशांच्या कायद्यांत ही अट आहे. ‘स्ट्रॉबेरी दही’ म्हटलं की स्ट्रॉबेरी किती टक्के ते यायला हवं. बाकी घटकांची टक्केवारी देण्याची सक्ती नसते. ‘मल्टिग्रेन’ ब्रेड घेताना ही टक्केवारी जरूर पाहा. पाच धान्यांची नावं असतात, पण ती सगळी मिळून चार टक्के आणि बाकी मैदा, असंही असू शकतं.

४. कंसात कंस, त्यात आणखी कंस. हे वाचायचं कसं?

एखादा घटक स्वतःच अनेक घटकांचा बनलेला असेल, तर त्याचे घटक कंसात येतात. उदाहरणार्थ, चॉकलेट चिप्स (साखर, कोको मास, कोको बटर, इमल्सिफायर). कंसातल्या गोष्टींचा क्रम फक्त त्या कंसापुरता असतो. या कंसातली साखर बाहेरच्या साखरेत धरलेली नसते, तेव्हा ती मनात वेगळी मिळवायची.

अपवादही आहे. कोडेक्सनुसार असा मिश्र घटक एकूण पदार्थाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्याचे घटक उलगडून लिहिण्याची गरज नसते. अंतिम पदार्थात काम करणारी अ‍ॅडिटिव्हज (रंग, चव, टिकाऊपणा अशा कामासाठी मुद्दाम घातलेले पदार्थ) मात्र तेव्हाही सांगावी लागतात. अ‍ॅलर्जीचे नेमून दिलेले घटकसुद्धा या सवलतीतून सुटत नाहीत.

५. साखर यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे कमीच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून आकडे मांडूनच सांगते. समजा, १०० ग्रॅमच्या एका बारमध्ये ओट्स ३० ग्रॅम, तेल १६, साखर १४, दाणे १३, ग्लुकोज सिरप १२ आणि मध ९ ग्रॅम आहे. उरलेल्या ६ ग्रॅममध्ये सुकी फळं, मीठ वगैरे. यादीत ओट्स पहिले, साखर तिसरी, सिरप पाचवं, मध सहावा. सगळं नियमाप्रमाणे आहे आणि एक अक्षरही खोटं नाही. पण साखर, सिरप आणि मध एकत्र केले तर ३५ ग्रॅम होतात, ओट्सपेक्षा जास्त! गोडवा एकाच नावाने लिहिला असता, तर तोच पहिला आला असता.

म्हणून गोडाची सगळी नावं शोधायची. ‘ओज’ने संपणारी: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, डेक्स्ट्रोज, माल्टोज. नावात ‘सिरप’ असलेली: कॉर्न सिरप, राइस सिरप, माल्ट सिरप. शिवाय इन्व्हर्ट शुगर, मोलॅसिस, मध आणि फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. हे कॉन्सन्ट्रेट ऐकायला फळ वाटतं, पण त्यातून मुख्यतः साखरच मिळते.

‘ओज’ची खूणगाठ दोन ठिकाणी फसते. सुक्रॅलोज हा कृत्रिम गोडवा आहे आणि सेल्युलोज हा तंतू, त्यात साखर नाही. उलट माल्टोडेक्स्ट्रिनच्या नावात साखरेचा मागमूस नाही आणि तक्त्यातल्या ‘शुगर्स’मध्येही ते सहसा धरलं जात नाही. पण शरीरात त्याचं झपाट्याने ग्लुकोज होतं. मधुमेह असलेल्यांनी ते नाव लक्षात ठेवलंच पाहिजे.

यादीवरून अंदाज आला की तक्ता पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा आहे की मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० किलोकॅलरीच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर या हिशेबात येत नाही.

६. ‘शुगर फ्री’ आणि ‘नो अ‍ॅडेड शुगर’ यांत फरक काय?

बराच आहे. ‘शुगर फ्री’ला कोडेक्सची मर्यादा १०० ग्रॅममागे किंवा १०० मिलिलिटरमागे ०.५ ग्रॅम साखर एवढी आहे. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही. पदार्थाची स्वतःची साखर असतेच, आणि फळांच्या रसात ती भरपूर असते.

दोन्हींपैकी कोणताही दावा कर्बोदकांबद्दल काही बोलत नाही. शुगर फ्री बिस्किटात मैदा असतोच. मधुमेह असेल तर ‘एकूण कर्बोदकं’ ही ओळ पाहा.

साखरेऐवजी माल्टिटॉल (९६५), झायलिटॉल (९६७) असे पॉलिऑल (शुगर अल्कोहोल वर्गातले गोडवे) असतील, तर जास्त खाल्ल्यावर पोट बिघडू शकतं. युरोपीय संघात १० टक्क्यांहून जास्त पॉलिऑल घातलेल्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. अ‍ॅस्पार्टेम (९५१) असेल तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांसाठी इशारा असतो, तो टाळून चालत नाही. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा पदार्थ त्याच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका. थोडंसं झायलिटॉलही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

७. ३३०, ४७१, ६२१ हे आकडे कसले? ते असलेला पदार्थ टाळायचा का?

हे अ‍ॅडिटिव्हजचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. ‘आयएनएस ३३०’ आणि युरोपातला ‘ई ३३०’ एकच: सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलं आंबट. लांबलचक रासायनिक नावं भाषेगणिक वेगळी लिहिली जातात, म्हणून आकडा सोयीचा.

साधारणपणे १०० च्या घरात रंग येतात, २०० च्या घरात टिकवणारे पदार्थ. ३०० मध्ये खवटपणा रोखणारे आणि आंबटपणा सांभाळणारे, ४०० मध्ये दाटपणा आणणारे आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारे. ५०० मध्ये खाण्याचा सोडा (५००) आणि त्याचे भाऊबंद. ६०० मध्ये चव खुलवणारे. ९०० मध्ये चकाकी देणारे आणि गोडवे.

आकडा ही ओळख आहे, विषाची खूण नव्हे. १०० म्हणजे हळदीतला कर्क्युमिन, १०१ म्हणजे रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी२), ३०० म्हणजे जीवनसत्त्व सी. आकडा दिसला की पाकीट परत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. भीतीपोटी ती हळदीच्या रंगाला नाकारतात आणि तीन नावांनी लिहिलेली साखर घरी नेतात.

पण सगळे क्रमांक सारखे निर्धोकही नाहीत. १०२, १०४, ११०, १२२, १२४ आणि १२९ हे सहा रंग वापरले, तर २०१० पासून युरोपीय संघात ‘मुलांच्या चंचलतेवर आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. १७१, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग, तिथे खाद्यपदार्थांत २०२२ मध्ये बंद झाला. इतर कित्येक देशांत तो चालतो. सरसकट घाबरण्यापेक्षा आपण नेहमी आणतो त्या पाकिटांवरचे क्रमांक एकदा बसून शोधावेत. फार वेळ लागत नाही, कारण तेच तेच येतात.

८. ज्याचं नाव उच्चारता येत नाही ते खाऊ नये, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड म्हणजे जीवनसत्त्व बी६. सायनोकोबालामिन म्हणजे बी१२. टोकोफेरॉल म्हणजे ई. उच्चार सोपा असलेली गोष्ट सुरक्षित, हाही भ्रमच आहे. ‘मीठ’ आणि ‘साखर’ यांपेक्षा सोपे शब्द यादीत दुसरे कुठले?

९. घरात अ‍ॅलर्जीचं मूल आहे. यादीत नेमकं काय आणि कसं शोधू?

माझ्या भाचीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, लेबलं वाचायला मी तिच्यामुळेच शिकले. कॉफीत घालायची एक भुकटी होती. पुढे ठळक अक्षरांत ‘नॉन-डेअरी’ लिहिलेलं, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मागे यादीत होतं ‘सोडियम केसिनेट’. केसिनेट केसिनपासून बनतं आणि केसिन हे दुधातलं प्रथिन. ते कुणाच्या तरी वेळेत लक्षात आलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

म्हणून पुढच्या दाव्यावर कधीही विसंबू नका. दुधासाठी केसिन, केसिनेट, व्हे, लॅक्टाल्ब्युमिन ही नावं शोधा. अंड्यासाठी अल्ब्युमिन आणि लायसोझाइम (११०५). लेसिथिन (३२२) बहुधा सोयाचं असतं, पण सूर्यफुलाचं किंवा अंड्याचंही असतं, तेव्हा मूळ कुठलं ते शेजारी लिहिलंय का पाहा. ‘व्हेजिटेबल प्रोटीन’मागे गहू किंवा सोया असू शकतो.

बऱ्याच देशांत अ‍ॅलर्जीचे घटक ठळक अक्षरांत किंवा यादीखाली ‘कन्टेन्स’ अशा ओळीत द्यावे लागतात. पण कोणते घटक, हे देशावर ठरतं. युरोपीय संघाच्या यादीत १४ आहेत, त्यात मोहरी आणि सेलरीही येते. अमेरिकेच्या यादीत ९, आणि त्यातला नववा, तीळ, १ जानेवारी २०२३ पासून आला. म्हणजे मोहरीची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला अमेरिकेतल्या पाकिटावर ‘मसाले’ एवढाच शब्द दिसू शकतो. परदेशातून आलेलं पाकीट हातात घेताना हे विसरू नका.

आणि तेच पाकीट दर वेळी नव्याने वाचा. कृती बदलते, वेष्टन बदललेलं दिसतही नाही.

१०. ‘मे कन्टेन नट्स’ म्हणजे दाणे आहेत की नाहीत?

घातलेले नाहीत, पण त्याच यंत्रावर किंवा त्याच कारखान्यात दाण्यांचं काम होतं आणि कण मिसळू शकतात. ही सूचना अनेक देशांत ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढता येत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर सूचना असलेलं पाकीट नकोच. सूचना नसेल तरी उत्पादकाला विचारून घेणं बरं. काय विचारायचं, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

११. ‘व्हीट फ्री’ आणि ‘ग्लुटेन फ्री’ एकच का?

एक नाही. ग्लुटेन हे धान्यातलं प्रथिन गव्हात असतं तसंच बार्ली आणि राय यांतही असतं. गहू नसलेल्या पदार्थात बार्लीचं माल्ट असू शकतं, आणि ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ हा शब्द बिस्किटं, नाश्त्याचे सीरिअल्स, चॉकलेटं यांत वारंवार येतो. ‘ग्लुटेन फ्री’ला कोडेक्सची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. ओट्स मुळात वेगळं धान्य, पण शेतात आणि गिरणीत गव्हात मिसळतं. सिलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) असलेल्यांनी ‘ग्लुटेन फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्यावेत.

१२. मी शाकाहारी आहे. प्राणिजन्य घटक कोणत्या नावांखाली असतात?

जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. १२० (कार्माइन) हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून मिळतो. ९०४ (शेलॅक) हा लाखेच्या किड्याचा स्राव, ९०१ हे मधमाश्यांचं मेण. इथपर्यंत सरळ आहे.

अवघड ते पुढचे. ४७१ (तेल-पाणी एकजीव ठेवणारं) वनस्पती तेलापासूनही होतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. ६३१ (चव खुलवणारं) मांस किंवा मासळीपासून काढता येतं, किण्वनानेही बनतं. ब्रेडमधलं ९२० (एल-सिस्टीन) पिसांपासून मिळवतात, नाहीतर किण्वनाने. चीजमधलं रेनेट (दूध गोठवणारं विकर) वासराच्या जठरातलं, नाहीतर सूक्ष्मजीवांपासूनचं. जीवनसत्त्व डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून. नुसता आकडा पाहून यातलं मूळ कळत नाही. अधिकृत शाकाहारी किंवा व्हीगन चिन्ह असेल तर ते पाहा, नसेल तर विचारा.

१३. ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ लिहिलंय. मग यीस्ट एक्स्ट्रॅक्ट का आहे?

एमएसजी म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट (६२१). यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि हायड्रोलाइज्ड प्रोटीन यांत ग्लुटामेट आपसूकच असतं आणि चवीचं काम तेच करतं. टोमॅटो आणि मुरलेलं चीज यांतही मुक्त ग्लुटामेट असतं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळापासून ते वेगळं केलं. शरीराला दोन्हीकडचं ग्लुटामेट सारखंच. माझं मत विचाराल तर ६२१ पेक्षा त्या पाकिटातल्या एकूण सोडियमकडे पाहणं जास्त गरजेचं आहे.

१४. तक्त्यात ट्रान्स फॅट शून्य, पण यादीत ‘पार्शियली हायड्रोजनेटेड’ तेल. खरं कोण?

यादी. तेलाचं असं अर्धवट हायड्रोजनेशन करताना ट्रान्स फॅट तयार होतं. काही ठिकाणी ठरावीक मर्यादेखालचं प्रमाण ‘०’ लिहायला मुभा असते. अमेरिकेत ती एका सर्व्हिंगमागे (एका वेळच्या वाढणीमागे) ०.५ ग्रॅमच्या खाली अशी आहे. सर्व्हिंगमध्ये ०.४ ग्रॅम असेल आणि तुम्ही चार सर्व्हिंग खाल्ल्या, तर १.६ ग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा साधारण २.२ ग्रॅम आहे. हृदयाला ट्रान्स फॅटइतकी निरर्थक हानी क्वचितच दुसरा कुठला घटक करत असेल, त्याशिवाय काहीच अडत नाही. डेन्मार्कने २००३ मध्येच त्यावर मर्यादा घातली.

‘फुली हायड्रोजनेटेड’ची गोष्ट वेगळी. त्यात ट्रान्स फॅट जवळपास नसतं, संपृक्त चरबी मात्र असते.

१५. तक्त्यात मीठ नाही, सोडियम दिलंय. हिशेब कसा करायचा?

सोडियमला अडीचने गुणा. ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सोडियम फक्त मिठातून येत नाही, ५०० (खाण्याचा सोडा), ६२१, २११ (सोडियम बेंझोएट), २५० (मांस टिकवणारं सोडियम नायट्राइट) यांतूनही येतं. तक्त्यातल्या आकड्यात हे सगळं धरलेलं असतं. फक्त तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, ते आधी पाहा.

१६. ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज’ लिहिलंय आणि तरी वर्षभर टिकतं. हे कसं?

वाळवणं, गोठवणं, उष्णतेने निर्जंतुक करून हवाबंद करणं, यांना वेगळं रसायन लागत नाही. साखर, मीठ आणि आम्लही टिकवतात. जॅम टिकतो तो साखरेमुळे. तेव्हा दावा खरा असू शकतो. मांसाच्या पदार्थांवर ‘नो अ‍ॅडेड नायट्राइट’ दिसलं, तर यादीत सेलरी पावडर आहे का बघा. तिच्यात नैसर्गिक नायट्रेट असतं, त्याचं नायट्राइट होतं आणि पुढचा परिणाम तोच.

१७. यादीत नसलेलं असं काही पदार्थात असू शकतं का?

असू शकतं. प्रक्रियेत वापरलेले आणि नंतर काढून टाकलेले साहाय्यक पदार्थ लिहावे लागत नाहीत. एखाद्या घटकाबरोबर आलेलं आणि अंतिम पदार्थात काही काम न करणारं अ‍ॅडिटिव्ह बऱ्याचदा लिहिलं जात नाही. अगदी छोट्या पाकिटांना, कोडेक्सच्या मते सगळ्यात मोठी बाजू १० चौरस सेंटिमीटरहून लहान असेल तर, घटकांच्या यादीतून सूट मिळू शकते. सुटी टॉफी किंवा च्युइंगम मुलाच्या हाती देताना हे आठवावं. सल्फाइट (२२० ते २२८) किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर सांगावंच लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना त्याने त्रास होतो. सुक्या फळांत ते नेहमी आढळतं.

‘फ्लेवर’ या एका शब्दामागेही अनेक संयुगं असतात, त्यांची नावं मागण्याचा नियम सहसा नसतो.

शंका असेल तर उत्पादकाला लिहा. ‘हा पदार्थ सुरक्षित आहे का’ असं विचारू नका, गुळमुळीत उत्तर येतं. बॅच क्रमांक देऊन नेमकं विचारा: यातलं लेसिथिन कशापासूनचं आहे? ४७१ चा स्रोत काय? याच यंत्रावर तिळाचा पदार्थ बनतो का, आणि मध्ये यंत्र कसं धुतलं जातं? उत्तर लेखी मागा. ते येईपर्यंत अ‍ॅलर्जीच्या मुलाला त्या पाकिटातलं काही देऊ नका.